सेंट्रल लाईनच्या सँपलमध्ये पोटॅशियम ६.९ आलं तेव्हा

रात्रपाळीत आयसीयूतल्या एका आजींचा रिपोर्ट आला: पोटॅशियम ६.९, साखर ५१२. काळजात धस्स झालं, कारण सेंट्रल लाईनमधून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीतून) सँपल मीच काढलं होतं. पण मॉनिटरवरच्या हृदयाच्या आलेखात टी वेव्ह नेहमीसारख्याच (पोटॅशियम खरंच इतकं वाढलं तर त्या बहुधा उंच, टोकदार होतात), आणि बोटातून तपासलेली साखर १४८. मी म्हटलं, "सर, इन्सुलिन देण्याआधी पाच मिनिटं द्या, हाताच्या शिरेतून पुन्हा काढते." पोटॅशियम ४.१ आलं.

चूक माझीच. लाईनच्या एका ल्युमेनमधून (नळीतल्या वेगळ्या मार्गातून) डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाईन आणि पोटॅशियम क्लोराईड चालू होतं, आणि ते न थांबवताच मी शेजारच्या ल्युमेनमधून रक्त ओढलं होतं.

आता डॉक्टरांना विचारून चालू ड्रिप दोन मिनिटं थांबवते. रक्तदाब टिकवणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मात्र कधीच थांबवत नाही; तेव्हा सरळ हातातून सँपल घेते. हब, म्हणजे नळीचं बाहेरचं तोंड, अल्कोहोल स्वॅबने १५ सेकंद घासून वाळू देते, पहिलं ५ मिली रक्त टाकते, मग सँपल. शेवटी १० मिलीच्या सिरिंजने सलाईन थांबत-थांबत ढकलते आणि ड्रिप पुन्हा सुरू केल्याची वेळ चार्टवर लिहिते. रक्त येत नसेल तर जोर लावत नाही. पेशंटला मान वळवायला, खोकायला सांगते. बऱ्याचदा तेवढ्यानेच येतं.