शेततळ्यावर गळ टाकताना आधी खोली मोजा

दिवसाचे पैसे भरून कुणाच्या शेततळ्यावर बसणार असाल, तर आत कोणकोणते मासे सोडलेत ते मालकाला आधी विचारा. गळ किती खोल ठेवायचा ते त्यावरच ठरतं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी. चाऱ्याला नावं ठेवणारे पुष्कळदा कटल्याच्या तळ्यात तळाला गळ सोडून बसलेले असतात.

खोली मोजायला गळाच्या जागी जड शिसं बांधून टाका. फ्लोट (पाण्यावर तरंगणारं बोंड) बुडाला तर खालचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, कमी पडतोय, फ्लोट वर सरकवा. आडवा पडला तर तंगूस जास्त झाला. टोक जेमतेम पाण्याबाहेर राहील तिथे तंगुसाला दोऱ्याची गाठ मारून खूण करा. तळच्या माशांसाठी हीच खूण धरा, रोहूला निम्म्यावर, कटल्याला पृष्ठभागाखाली हात-दीड हात. तंगूस 0.30 मि.मी. पुरतो, गळ 6 किंवा 8 नंबरचा.

चारा असा: शेंगदाण्याच्या पेंडीचा भुगा पाव किलो, तांदळाचा कोंडा पाव किलो, दोन्ही कोरडेच मंद आचेवर भाजा. वास सुटला की उतरवा, करपलं की कडू होतं. गार झाल्यावर 100 ग्रॅम कणीक आणि साल काळी पडलेलं एक केळं कुस्करून घाला. पाणी चुळकाभरच, लागेल तसं. केळं आपल्याकडे मुबलक म्हणून दोन-तीन घातली, तर उन्हात गोळा पातळ होऊन गळावरून सुटतो. कणीक जास्त झाली तर गोळा रबरासारखा होतो आणि गळाचं टोक त्यातून बाहेर येत नाही. मासा चारा तोंडात घेऊन थुंकून मोकळा. म्हणून बसण्याआधी बोराएवढी गोळी पाण्याच्या तांब्यात टाकून बघा. 10 मिनिटं टिकली पाहिजे. पाच मिनिटांत विरघळली तर चिमूटभर कणीक वाढवा.

सायप्रिनसला दादर ज्वारीही चालते. रात्रभर भिजवून दाणा फुटेपर्यंत शिजवायची, गळाला तीन दाणे. कच्चं धान्य फेकू नका, ते माशाच्या पोटात फुगतं.

जागेवर आधी संत्र्याएवढे चार गोळे फेका, मग अर्ध्या तासाला एक. जास्त टाकलेलं रात्री कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे तो आधीच कमी असतो. मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर गळ टाकूच नका, मालकाला सांगा. ऊन वर आल्यावर, आठच्या पुढे, मासे चरायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र दुपारी 12 ते 4 हीच वेळ. त्याआधी बसणं म्हणजे नुसतं गारठणं.

फ्लोट थरथरला की हात आवरा. तो सरळ खाली गेला किंवा आडवा होऊन सरकू लागला की काठी उचला, हिसका मात्र नको. कटल्याचा ओठ मऊ असतो, हिसक्याने फाटतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटण्याला अडवणारा ब्रेक, आधीच इतका सैल ठेवा की हाताने ओढल्यावर तंगूस सुटला पाहिजे. पहिल्या धावेतच तंगूस तुटला तर नव्वद टक्के चूक ड्रॅगची.

आता पन्नीचं. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात काठीचा टेकू उतारावर खुपसू नका, बांधाच्या मातीतच रोवा. भोक बारीक पडलं तरी पाणी झिरपतं. शेवाळलेल्या पन्नीवर पाय ठरत नाही आणि पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बांधाला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर असेल त्याच बाजूला बसा. नसेल तर आपला टाका, मगच गळ. मासा काढायला लांब दांड्याचं हातजाळं घ्या, उतारावर उतरू नका. मासा परत सोडायचा असेल तर हात ओले करून, ओल्या गोणपाटावर ठेवून गळ काढा. कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळ निघते आणि मासा पुढे रोगाला बळी पडतो.

उरलेला चारा घरी न्या.