हवालदाराचा हुद्दा: ओळखायचा कसा, पत्रिकेवर लिहायचा कसा

१५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला सोसायटीत किंवा शाळेत निवृत्त सैनिकाला पाहुणे म्हणून बोलावतात आणि फलकावर सरळ ‘मेजर’ रंगवून मोकळे होतात. हेतू मान देण्याचाच असतो, पण अवघडून जातात ते पाहुणेच. मेजर हा कमिशन्ड अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. पाहुणे हवालदार असतील तर हवालदारच लिहा. शिपाई, लान्स नायक, नायक या पायऱ्या चढून आणि बढतीचे कॅडर (परीक्षा-प्रशिक्षण) पास करून तो हुद्दा मिळतो. सुमारे दहा जणांच्या सेक्शनची जबाबदारी हवालदारावर असते.

घोळाचं मूळ ‘हवालदार मेजर’ आणि ‘सुबेदार मेजर’ या शब्दांत आहे. कंपनी हवालदार मेजर ही नेमणूक असते. कंपनीची शिस्त, हजेरी, ड्यूट्या त्याच्याकडे असतात, पण हुद्दा हवालदाराचाच. सामानसुमान पाहणारा कंपनी क्वार्टर मास्टर हवालदारही तसाच. सुबेदार मेजर हा मात्र खराखुरा हुद्दा आहे, जेसीओंमधला (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे हवालदाराच्या वरचे पण कमिशन्ड अधिकाऱ्याच्या खालचे) सगळ्यांत वरचा. यांपैकी कुणाच्याही नावामागे नुसतं ‘मेजर’ लावायचं नाही.

माणूस वर्दीत असेल तर आधी खांदा बघा, मग बाही. खांद्यावर तारा आणि त्याच्या खाली लाल-पिवळी-लाल आडवी पट्टी असेल तर ते जेसीओ: एक तारा नायब सुबेदार, दोन तारे सुबेदार, ताऱ्यांऐवजी सिंहमुद्रा असेल तर सुबेदार मेजर. पट्टी नजरेतून सुटली की गडबड होते, कारण लेफ्टनंटच्या खांद्यावरही दोनच तारे असतात. खांद्यावर तारे नसतील तर बाहीकडे वळा. तिथे इंग्रजी ‘व्ही’सारख्या, टोक खाली असलेल्या फिती असतात. एक फीत लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. दुरून दोन आणि तीन सारख्याच दिसतात, म्हणून जवळ जाऊन मोजा.

रणगाडा दलात आणि घोडदळाच्या परंपरेतल्या रेजिमेंटांत हवालदाराला दफादार म्हणतात, नायकाला लान्स दफादार आणि सुबेदाराला रिसालदार. नागपूरजवळच्या कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं केंद्र असल्यामुळे तिथला साधा जवान ‘गार्ड्समन’ असतो, पण वरचे हुद्दे नायक, हवालदार असेच. नागपुरातला, सैन्याच्या ताब्यातला सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो. मुलांना फिती मोजायला शिकवायचं असेल तर त्या दिवशी घेऊन जा. तिथे फोटो काढण्याआधी मात्र विचारून घ्या.

नागपूरच्या वायुसेनानगरचे, म्हणजे हवाई दलाच्या वसाहतीतले पाहुणे असतील तर शब्द बदलतात. हवाई दलात हवालदाराच्या जोडीचा हुद्दा सार्जंट, त्याच्याही तीन फिती. त्यावर ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, म्हणजे नायब सुबेदाराच्या बरोबरीचा. नौदलात हवालदाराच्या बरोबरीला पेटी ऑफिसर आणि नायब सुबेदाराच्या बरोबरीला चीफ पेटी ऑफिसर. नुसत्या ‘ऑफिसर’ शब्दावरून यांना अधिकारी धरू नका. परदेशी वर्दीचा फोटो असेल तर फितींची दिशा पाहा: ब्रिटिश सार्जंटच्या तीन फितींची टोकं आपल्यासारखीच खाली असतात, अमेरिकन भूदलात वर असतात आणि सार्जंटच्या वरच्या हुद्द्यांना खाली कमानीही जोडलेल्या असतात. तीन फिती आणि एक कमान म्हणजे तिथला स्टाफ सार्जंट. नेपाळी सैन्यात तर ‘हुद्दा’ हेच सार्जंटच्या पातळीवरच्या पदाचं नाव आहे.

तीन फिती दिसल्या म्हणजे सैन्यातलाच हवालदार, असंही नाही. पोलीस हवालदाराच्या बाहीवरही तीन फिती असतात. कॉलेजातल्या एनसीसीच्या सार्जंट कॅडेटच्याही असतात आणि त्याला शिकवायला आलेला पीआय स्टाफमधला (सैन्यातून आलेल्या प्रशिक्षकांमधला) हवालदार शेजारीच उभा असतो. वय आणि बिल्ला दोन्ही बघा. सीआरपीएफमध्ये या पातळीचं पद हेड कॉन्स्टेबल. पत्रिकेवर तेच लिहा.

आता लिहिण्याकडे. क्रम असा: हुद्दा, नाव, मग कंसात निवृत्त, मग रेजिमेंट. म्हणजे ‘हवालदार अमुक अमुक (निवृत्त), ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’. ‘निवृत्त हवालदार अमुक’ असं नको, कारण निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही.

हुद्दा घरच्यांना विचारून लिहू नका. पाहुण्यांना पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) किंवा डिस्चार्ज बुकात काय लिहिलंय ते विचारा. इथे दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक, एमएसीपी, म्हणजे ठरावीक सेवेनंतर पगाराची पातळी वाढवणारी सरकारी योजना. ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेवर बढती नसली तरी वरच्या पातळीचा पगार मिळू शकतो. त्यामुळे नायक पदावर निवृत्त झालेला माणूस हवालदाराच्या पातळीवर, सातव्या वेतन आयोगातल्या लेव्हल ५ वर असू शकतो. घरचे ‘हवालदार’ सांगतात आणि कागदावर ‘नायक’ निघतो. पत्रिकेवर हुद्दा येतो, पगाराची लेव्हल नाही. दोन, मानद हुद्दा. काही हवालदारांना निवृत्तीनंतर मानद नायब सुबेदार हा सन्मान मिळतो. तो मिळाला असेल तर ‘मानद नायब सुबेदार’ असं पूर्ण लिहा. ‘मानद’ गाळलं तर हुद्दाच बदलतो, आणि नुसतं ‘हवालदार’ लिहिलं तर मिळालेला सन्मान पुसला जातो.

बोलताना जेसीओंना ‘सुबेदार साहेब’, हवालदारांना ‘हवालदार साहेब’ म्हटलं की पुरे. सूत्रसंचालकाच्या चिठ्ठीवर हुद्दा पूर्ण अक्षरांत लिहून द्या, ‘हव.’, ‘सुबे.’ अशी छोटी रूपं माइकवर भलतीच वाचली जातात. आणि फलक छापायला देण्याआधी त्याचा फोटो पाहुण्यांच्याच मोबाइलवर पाठवून होकार घ्या. छपाईवाल्याकडे हे आदल्या संध्याकाळी नको, दोन दिवस आधी पोहोचवा.