मीटर घरातच आहे? मग या चुका टाळा

फ्लॅटच्या आत असलेला विजेचा, पाण्याचा किंवा गॅसचा मीटर सहसा दडवलेलाच सापडतो. दिसायला बरा नाही म्हणून त्याच्यावर कपाट येतं, कपाटात डबे येतात, आणि रीडिंग घ्यायला आलेला माणूस आकडे न पाहताच परत जातो. कधी घराला कुलूप असतं. मग बिल येतं ते सरासरीचं. कमी आलं की बरं वाटतं, पण खरं रीडिंग झालं की मधला सगळा फरक एकदम अंगावर येतो. जिथे वापर वाढला की दरही चढतो, तिथे हा सगळा वापर एकाच महिन्यातला धरला गेला तर आणखी भुर्दंड बसतो. अशा वेळी तो वापर मधल्या महिन्यांत विभागून बिल करून मागा. त्यासाठी दर महिन्याला मीटरचा फोटो काढून ठेवा. त्यात आकड्यांबरोबर मीटर क्रमांकही दिसला पाहिजे, नाहीतर तो पुरावा लंगडा पडतो.

पाण्याचं बिल फुगलं की लोक आधी मीटरलाच दोष देतात. घाई करू नका. रात्री सगळे नळ बंद करा, आकडे लिहून घ्या आणि सकाळपर्यंत पाणी वापरू नका. मध्ये कुणी फ्लश केला तर चाचणी पुन्हा करावी लागेल. बऱ्याच मीटरवर काळे आकडे घनमीटरचे आणि लाल आकडे लिटरचे असतात. 1 घनमीटर म्हणजे 1000 लिटर. लाल आकडा सरकला, किंवा तबकडीवरची बारीक चकती फिरत राहिली, तर पाणी कुठेतरी झिरपतं आहे. माझा पहिला संशय नेहमी फ्लशच्या टाकीवर असतो. तिथली गळती भिंतीवर दिसत नाही, बऱ्याचदा आवाजही करत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीतलं रबर बदला.

विजेच्या बाबतीत मोठी चूक म्हणजे समोरचा मीटर आपलाच आहे, असं गृहीत धरणं. घरातला मेन स्विच बंद करा. मीटरवरचा लुकलुकणारा दिवा तरीही लुकलुकत राहिला, तर त्या मीटरवरून दुसरीकडे वीज जाते आहे किंवा जोडणीत घोळ आहे. सील मात्र स्वतः तोडू नका, लेखी तक्रार करा.

गॅसच्या मीटरला बंद कपाटात कोंडणं ही चूक मला सगळ्यात जास्त घाबरवते. नळाने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वर साठतो. एलपीजी जड, तो जमिनीलगत बसतो. म्हणून कपाटाला हवा खेळती ठेवणारी जाळी हवीच, आणि व्हॉल्व्हपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. सांध्याचा संशय आला तर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा, काडी कधीच पेटवू नका. घरात वास दाटला असेल तर फेसाच्याही भानगडीत पडू नका. दिवा लावू नका, चालू असेल तर बंदही करू नका, बेल वाजवू नका. जमल्यास व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर गेल्यावरच करा.