चाळीस फुटांवरचं पाणी, दोरीच्या पंपानं

मोहोळजवळच्या आमच्या विहिरीवरचा हातपंप दर उन्हाळ्यात कोरडा पडायचा. वायसर बदलले, व्हॉल्व्ह बदलला, काही उपयोग नाही. मग कारण कळलं: वरून ओढणारा पंप हवेच्या दाबावर चालतो. हिशेबानं १० मीटर, प्रत्यक्षात ७ मीटरच्या आसपास तो थकतो. आमचं पाणी चैत्रात ४० फुटांवर, म्हणजे १२ मीटरवर जातं.

म्हणून दोरीचा पंप केला. एक इंची पीव्हीसी पाइप पाण्यात सोडला. त्यातून नायलॉनची अखंड दोरी, दर तीन फुटांवर टायरच्या रबराची चकती, चकतीच्या खाली-वर गाठ. पंक्चरवाल्याकडून आणलेल्या जुन्या टायरच्या दोन कडा समोरासमोर आवळल्या की दोरी घट्ट धरणारं चाक होतं. खाली दोरी वळते तिथं काचेची बाटली सिमेंटात बसवली. गुळगुळीत असल्यानं दोरी झिजत नाही. वरचं चाक फिरवलं की दोरी पाइपातून वर येते आणि चकत्या पाणी खालून ढकलतात, त्यामुळे ओढणाऱ्या पंपाची ती मर्यादा इथं लागू होत नाही.

खरं काम चकत्यांचं. पहिल्या खेपेला घट्ट कापल्या, त्या पाइपात अडकल्या. एकेक चकती पॉलिश पेपरवर घासली, पाइपच्या तुकड्यातून अलगद सरकेपर्यंत. जास्त घासलेल्या चार टाकून दिल्या, तिथून पाणी गळायचं.

ओली दोरी आठवड्यात सैल पडली आणि चाकावरून घसरू लागली. वीतभर कापून पुन्हा गाठ मारली. आता आईसुद्धा हँडल फिरवते, मिनिटाभरात घागर भरते, लाइट असो नसो.