जुन्या दागिन्यांतून गिफ्ट बनवायचंय? आधी एवढी तयारी करून ठेवा

पहिलं काम म्हणजे कुणाला काय द्यायचं ते ठरवा. जुन्या बाजारात गेलं की सगळंच घ्यावंसं वाटतं आणि मग घरी डबा भरून नुसता पडून राहतो, त्यापेक्षा मावशीला साडीपिन, मैत्रिणीला बुकमार्क, नवीन घर घेतलेल्या दादा-वहिनीला फ्रेम असं कागदावर लिहा आणि मगच निघा. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहे, तिथे शुक्रवार सोडून जा. पण खरं सांगू, आधी घरातच शोधा. आई, आत्या, काकू, सगळ्यांच्या कपाटात जोडीतलं एकच उरलेलं कानातलं, फिरकी हरवलेली कुडी, तुटलेली मोत्याची सर असं काहीतरी असतंच, टाकवत नाही म्हणून ठेवलेलं. ते विकतच्यापेक्षा कितीतरी भारी. फक्त विचारून घ्या, आणि मंगळसूत्रातलं काही असेल तर जिचं आहे तिने स्वतः दिल्याशिवाय हात लावू नका.

बाजारात जाताना छोटं लोहचुंबक, झिपची पाकिटं आणि सुटे पैसे घ्या. चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड आहे, पुढेमागे गंजणार, पण नाही चिकटलं म्हणजे चांदीच असं अजिबात नाही. मागच्या बाजूला ९२५ चा (म्हणजे चांदीचा) शिक्का दिसला किंवा नुसती शंका जरी आली तरी तोडायच्या आधी सराफाला दाखवा.

आणि प्लीज, शाबूत दागिना मोडू नका!! अख्खी ठुशी, अख्खी चिंचपेटी मिळाली तर ती पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्या आणि तशीच द्या, त्याहून चांगलं गिफ्ट दुसरं नाही. मोडायचं ते आधीच मोडलेलं. मला सगळ्यात आवडतात कोल्हापुरी साजाची (गळ्यातल्या हाराची) सुटी पानं, म्हणजे त्यातली छोटी पदकं. पारंपरिक साजात २१ पानं, त्यातली १० विष्णूच्या अवतारांची, म्हणजे अर्धवट साज हाताला लागला तर मासा एकीला, कासव दुसरीला, प्रत्येक पान वेगळ्या माणसाला देता येतं. पानाच्या वरच्या कडीतून रेशमी गोंडा ओवला की झाला बुकमार्क, ना भोक पाडायला लागत ना गोंद.

धुताना मात्र घाई नको. मोत्याला फक्त ओलसर मऊ कापड, लिंबू-व्हिनेगर लागलं तर त्याची चमक गेलीच. निव्वळ पितळ असेल तर चिंच किंवा पितांबरी चालते, पण सोन्याचं पॉलिश असलेल्या इमिटेशनला नको, पॉलिश निघून खालचं पितळ दिसायला लागतं. जुन्या बोरमाळेचे मणी आतून पोकळ, लाख भरलेले असतात, ते गरम पाण्यात टाकू नका.

चिकटवायला दोन ट्यूबवालं एरल्डाइट आणा, सारख्या प्रमाणात मिसळून लावा आणि रात्रभर हलवू नका. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने खड्यावर, आरशावर पांढरी धुरकट झाक येते, ती जाता जात नाही. नोज प्लायर आणि थोड्या जंप रिंग (जोडायच्या छोट्या कड्या) हव्यातच. कानातलं करत असाल तर हूक नवीन घाला, जुन्यातल्या निकेलने बऱ्याच जणींना खाज येते. लहान मुलांसाठी यातलं काहीच बनवू नका, मणी गिळायची भीती असते आणि जुन्या स्वस्त दागिन्यांत शिसंही असू शकतं.

प्रत्येक गिफ्टसोबत एक चिठ्ठी हवी, हे कुणाचं होतं किंवा कुठे मिळालं आणि पाणी-परफ्यूमपासून लांब ठेव, एवढं लिहिलं तरी पुरे. आणि गाठवायचं काम दिवाळी-लग्नसराईच्या बरंच आधी टाका, ऐन गर्दीत पटवेकऱ्याकडे वेळेत मिळेल याचा भरवसा नसतो.