झिजलेली प्रिंट, ताजं रक्त: भयपटाच्या शॉर्टफिल्मला सत्तरच्या दशकाचं ग्राइंडहाउस रूप कसं द्यावं

एडिटिंग ॲपमधला ‘ओल्ड फिल्म’ इफेक्ट वापरू नका. त्यात पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सारखीच धूळ उडत राहते. अमेरिकेतल्या स्वस्त थिएटरांमध्ये, म्हणजे ग्राइंडहाउसमध्ये, एकच प्रिंट (पडद्यावर दाखवायची फिल्मची प्रत) गावोगाव फिरून झिजायची आणि तिच्यावरच्या प्रत्येक डागामागे काहीतरी कारण असायचं. ते कारण कळलं की डाग कुठे टाकायचा हेही कळतं.

आधी एक ठरवा. जुन्या काळातला सिनेमा हवा की जुनी झालेली प्रिंट? दिग्दर्शक टाय वेस्टचा ‘एक्स’ (2022) 1979च्या टेक्सासमध्ये घडतो, पण तो काळ मुख्यतः चौकट, वेशभूषा आणि झूममधून उभा करतो. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ आणि क्वेंटिन टॅरँटिनो यांनी 2007च्या ‘ग्राइंडहाउस’मध्ये ओरखडे टाकले आणि चक्क एक रीळच गहाळ असल्याचं दाखवलं. दुसरी वाट धरली तरी चित्रीकरण त्या काळासारखंच हवं. चकचकीत डिजिटल चित्रावर कितीही ओरखडे मारा, ते वर चिकटवलेलेच दिसतात.

कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेमवर ठेवा आणि शटर 1/48 सेकंदावर. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या दिव्यांखाली 1/50 घ्या, नाहीतर चित्र लुकलुकतं. सगळ्यात जास्त चूक ॲपर्चरमध्ये, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ठेवायचं यात, होते. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर एफ/1.8ला मागचं सगळं विरघळतं, तर 16 मिमी फिल्मच्या छोट्या चौकटीत मागची भिंतही बऱ्यापैकी स्पष्ट दिसायची. म्हणून एफ/5.6 ते 8 ठेवा आणि प्रकाश वाढवा. दिवा एकच, जोरदार, डिफ्यूजन (उजेड मऊ करणारा पडदा) न लावता. भिंतीवर काळीकुट्ट सावली पडू द्या. झूम लेन्सवर हातानेच करा. एडिटमध्ये केलेल्या झूममध्ये चित्र मऊ पडतं आणि हाताचा हिसकाही येत नाही.

आता प्रिंट. थर याच क्रमाने चढवा.

पहिला थर ग्रेनचा, म्हणजे फिल्मवर दिसणाऱ्या बारीक कणांचा. ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ (1974) 16 मिमीवर चित्रित करून 35 मिमीवर मोठा केला होता. असं मोठं केलं की ग्रेनही मोठा होतो. तो मध्यम उजेडाच्या भागात जास्त ठेवा आणि प्रत्येक फ्रेमला बदलू द्या. स्थिर ग्रेन म्हणजे मळकी काच.

दुसरा थर धुळीचा. निगेटिव्हवरची धूळ प्रिंटमध्ये पांढरी दिसते, प्रिंटवरची काळी. पांढरे ठिपके अगदी थोडे टाका, काळे जास्त.

मग रंग. त्या काळच्या ईस्टमनकलर (कोडॅकची रंगीत फिल्म) प्रिंटमधला निळसर सायन रंग आधी उडायचा, त्यामुळे काळ्या जागा तांबूस व्हायच्या. लाल चॅनेलची फक्त काळ्याकडची बाजू वर उचला, कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा, पांढऱ्याला हात लावू नका. अख्खं चित्र गुलाबी केलं की ते फिल्टर वाटतं.

ओरखडे रंगानंतर. फिल्म वरून खाली सरकते म्हणून ते उभे असतात. प्रिंटवर सर्वात वरचा थर मॅजेंटा (जांभळट गुलाबी) रंगाचा असतो; तो खरवडला की रेघ हिरवी दिसते, आणखी खोल गेली की पिवळी, आणि सगळेच थर गेले की पांढरी. हिरव्या रेघा टाकल्या की जाणकाराला प्रिंट लगेच खरी वाटते. रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी हात जास्त लागतो, तिथे झीज दाट ठेवा. मधली मिनिटं जवळजवळ स्वच्छ असली तरी चालतील. 2000 फुटी रीळ सुमारे 22 मिनिटं चालतं. 10 मिनिटांच्या शॉर्टफिल्ममध्ये रीळबदल (एक रीळ संपून दुसरं सुरू होणं) दाखवायचा तर एकदाच. उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल खूण 4 फ्रेम दिसते: रीळ संपायच्या सुमारे 8 सेकंद आधी पहिली, सुमारे 1 सेकंद आधी दुसरी.

फाटून जोडलेल्या जागी 6 ते 12 फ्रेम कापा. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते चित्राची उडी आणि आवाजातला ‘टक’ एकाच क्षणी ठेवतात. प्रोजेक्टरमध्ये ध्वनी वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या पुढे असतो, म्हणून जोड तिथे सुमारे 20 फ्रेमनंतर पोहोचतो. ‘टक’ तेवढाच उशिरा ठेवा. बाकी आवाज मोनो करा, 100 हर्ट्झखालचं कापा आणि 2 किलोहर्ट्झपासून वरचं उतरतं ठेवा.

रक्त त्या काळच्या पडद्यावर गडद नसून भडक, रंगाच्या डब्यातल्यासारखं दिसायचं. 500 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळेल), 100 मिली कोमट पाणी, 2 चमचे लाल खाद्यरंग, निळ्या रंगाचे 2 थेंब. पारदर्शक वाटलं तर 1 चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घाला. निळा जास्त झाला की जांभळं सरबत होतं. रंग कॅमेऱ्यातच तपासा, कारण वर सांगितलेल्या रंगबदलात (ग्रेडमध्ये) लाल बदलतो. खाद्यरंग कातडीवर आणि भिंतीवर राहतो, म्हणून आधी लहानशा जागी लावून पाहा. पोशाखाच्या तीन प्रती ठेवा. गरम दिव्यांखाली रक्त सुकून चिकट होतं. पाण्याचा फवारा जवळ असू द्या. पॅकअप झाल्यावर जागा लगेच धुवा, नाहीतर सकाळी सेटवर मुंग्यांची रांग लागलेली असते.

त्या काळच्या सिनेमातला नागडेपणा आणि मारहाण घ्यायची असेल तर कोणत्या शॉटमध्ये काय दिसेल, कोण कुठे स्पर्श करेल, हे कलाकाराशी बोलून लेखी ठरवा आणि त्या दिवशी सेटवर गरजेपुरतीच माणसं ठेवा. धारदार हत्यार कॅमेऱ्यासमोरही खरं नको. जवळच्या शॉटला बोथट केलेलं, बाकीच्यांना रबराचं.