'अराउज' वापरताना पुढचा शब्द बघा
इंग्रजीतलं 'अराउज' म्हणजे भावना जागी करणं. पुढे संशय, कुतूहल, राग असं काही आलं तर बिनधास्त वापरा. 'हिज सायलेन्स अराउज्ड माय सस्पिशन' म्हणजे तो गप्प बसला आणि माझ्या मनात संशयाची पाल चुकचुकली. किती नेमकं बसतं!

पुढे माणूस आला की मात्र जपून. 'आय वॉज अराउज्ड' याचा अर्थ बहुतेक जण लैंगिक उत्तेजना असाच घेतात, त्यामुळे मुलाखतीत किंवा ईमेलमध्ये ते नकोच. उत्साह वाटला तर 'एक्सायटेड', मन हेलावलं तर 'मूव्ह्ड' लिहा.

झोपेतून उठवण्यासाठी 'राउज' बरा. 'राउजिंग स्पीच' म्हणजे अंगात वीज संचारेल असं भाषण. दोन्ही शब्दांच्या शेवटी उच्चार 'झ'कडे झुकतो, 'स'कडे नाही.